खरेदीखतातील आकडा

भंडारा शहराबाहेर महामार्गाच्या दोन्ही अंगांना गेल्या काही वर्षांत एक नवेच पीक उभे राहिले आहे. जेथे आषाढात धानाची रोवणी चालत असे, त्या बांध्यांत आता चुना फासलेले दगड रोवलेले दिसतात. मुरूम टाकून रस्ते आखले जातात, तोंडाशी लोखंडी कमान उभी राहते आणि एखाद्या देवाच्या किंवा फुलाच्या नावाने त्या जागेचे बारसे होते. आपल्या भागात सर्वजण त्यास ‘ले-आउट’ म्हणतात. जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात, वरठीच्या पोलाद कारखान्यात, रेल्वेत, शाळांत आणि इस्पितळांत नोकरीनिमित्त येऊन येथेच रुजलेली आपली कॅथलिक कुटुंबे थोडीच आहेत. परंतु निवृत्ती जवळ आली की त्यांचीही पावले या दगडांकडे वळतात.

वसईकर वाचकांना जमिनीचा प्रश्न विकणाऱ्याच्या बाजूने अधिक परिचयाचा आहे. १९८८ साली शासनाने त्या भागातील जमिनी बांधकामास खुल्या केल्या. त्यानंतर फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभृतींनी हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने जो लढा दिला, तो वाडवडिलांची वाडी विकावी की राखावी, या प्रश्नाभोवतीच फिरत होता. भंडाऱ्याच्या ख्रिस्ती माणसाकडे विकण्यास वाडी नाही. तो येथे खरेदीदार म्हणून उभा राहतो, आणि त्याची कसोटी पाहणारा प्रश्न निराळा आहे.

आमच्या परिचयाचे एक दांपत्य आहे. पती शिक्षक, पत्नी परिचारिका. वीस वर्षे भाड्याच्या घरात काढल्यावर त्यांनी एक प्लॉट पसंत केला. किंमत ठरली बारा लाख. इसार देण्याच्या दिवशी दलालाने व्यवहाराची रीत समजावून सांगितली: रजिस्ट्री रेडी रेकनरच्या दराने सात लाखांची होईल, उरलेले पाच लाख रोख द्यावे लागतील. हे सांगताना त्याच्या आवाजात संकोचाचा लवलेशही नव्हता. रविवारी मिस्सानंतर त्या दोघांनी आम्हास गाठले. पत्नीने विचारले, “काका, आधी सही करायची आणि मग पापनिवेदनाला जायचे, असे ठरवूनच सही करता येते का?”

प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नव्हता. तिला उत्तर ठाऊक होते, म्हणूनच तिने तो तसा विचारला होता. पुढे पाप करण्याचा बेत मनात धरून आज पश्चात्ताप करता येत नाही, हे आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मूलही सांगेल. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते ते निराळेच: हे पाप आहे तरी का?

जागेच्या व्यवहारात फसवणुकीचे अनेक प्रकार असतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा शहराच्या अनेक वस्त्यांत पाणी घातले. त्यानंतर पूररेषेत येणारा प्लॉट तसे न सांगता विकणारा माणूस कोणत्या मापाने मोजावा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. घराचे दोष लपवून ते विकावे का, या प्रश्नाची चर्चा ख्रिस्तजन्माच्या आधीच रोमच्या सिसेरोने केलेली आहे. परंतु येथे विकणारा घेणाऱ्यास फसवीत नाही आणि घेणारा विकणाऱ्यास फसवीत नाही. खरी किंमत दोघांनाही माहीत आहे, दलालासही माहीत आहे. मग खोटे कोणास सांगितले जाते? ‘सरकारला’, असे आपण म्हणतो, आणि सरकार हा शब्द उच्चारताच आपली सदसद्विवेकबुद्धी बरीच सैल होते.

ती सैल होण्यास जुन्या नीतिशास्त्राचाही थोडा हातभार आहे, हे मान्य केले पाहिजे. काही कायदे केवळ दंडात्मक असतात, ते मोडल्यास दंड निमूटपणे भरावा, पण ते पाळलेच पाहिजेत असे बंधन मनावर नसते, असा एक विचार सुआरेझसारख्या पंडितांच्या ग्रंथांतून चर्चिला गेला. आणि करविषयक कायदे याच वर्गात मोडतात, असे पुढील कित्येक नीतिशास्त्रज्ञ शिकवीत. ज्या काळी राजे आपल्या लढायांसाठी वाटेल ते कर लादीत, त्या काळी या मताला काही अर्थ असेल. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने मात्र १९६५ च्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात न्याय्य कर चुकविणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत दोष दिला, आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने करचुकवेगिरीची गणना सातव्या आज्ञेच्या भंगात केली. तेव्हा ती पळवाट बुजली आहे. तरीही प्रश्न पूर्ण सुटला, असे आम्हांस वाटत नाही. नुसते ‘कर बुडतो म्हणून पाप’ असे म्हटले, की लगेच हिशेब सुरू होतो: पाच लाखांवर शेकडा सहा-सात धरले तर तीस-पस्तीस हजार. एवढ्या रकमेसाठी वीस वर्षांचे स्वप्न सोडायचे?

या खोट्या आकड्याचा घाव सरकारवर कमी आणि माणसांवर अधिक बसतो. तो कोणावर बसतो, हे पाहण्यासाठी भंडाऱ्याच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही.

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचा संकल्प होता, आणि त्यासाठी भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावांना उठावे लागले. त्या काळी भूसंपादन १८९४ च्या कायद्यान्वये होत असे. जमिनीची बाजारातील किंमत आणि तीवर १९८४ च्या दुरुस्तीनुसार शेकडा ३० इतकी दिलासा रक्कम, अशी मोबदल्याची रीत होती. परंतु बाजारातील किंमत ठरवावी कशी? अधिकाऱ्यापुढे आणि पुढे न्यायालयापुढेही सर्वांत भक्कम पुरावा एकच असे: आसपासच्या तशाच जमिनींची नोंदलेली खरेदीखते. गावात एकराचा खरा भाव काय होता, हे चावडीवर बसणारा प्रत्येकजण जाणत असेल. पण चावडीवरचे बोलणे पुरावा होत नाही. मुद्रांक वाचविण्यासाठी वर्षानुवर्षे अर्ध्या किमतीची खरेदीखते करणाऱ्या गावाची जमीन सरकार घेऊ लागले, की सरकार त्या गावासमोर त्याचाच कागद धरते.

त्या बुडीत गावांपैकी एका गावातील वृद्ध शेतकरी आम्हांस पुनर्वसन वसाहतीत भेटले होते. मोबदल्याविषयी तक्रार करता करता ते मध्येच थांबले आणि म्हणाले, “ज्या रजिस्ट्रीवरून आमचा भाव पाडला, ती माझ्या हातची होती. धुऱ्याला लागून दोन एकर घेतले होते, कमी लिहून. तेव्हा वाटले, चार पैसे वाचले.” गोसेखुर्दच्या मोबदल्याचा सारा अन्याय खोट्या खरेदीखतांमुळे झाला, असे आम्ही म्हणत नाही. दिरंगाई, महागाई, अपुऱ्या सोयी यांचा वाटा फार मोठा होता. म्हणूनच तर प्रकल्पग्रस्तांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१३ मध्ये शासनास सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर करावे लागले. परंतु त्या वृद्धाने उचललेला आपला वाटा आम्हास विसरता येत नाही. त्याने आपल्या शेजाऱ्यांनाही बुडविले होते, आणि त्याचा तसा मुळीच हेतू नव्हता.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने ही रीत पुष्कळ सुधारली. मुद्रांकासाठी ठरलेला दर, किंवा गेल्या तीन वर्षांतील अधिक किमतीच्या अर्ध्या खरेदीखतांची सरासरी, यांतील जी रक्कम मोठी ती धरावी, असे त्यात आहे. तरी पाया तोच राहिला. वरची अर्धी खरेदीखतेही खोटी असतील तर त्यांची सरासरी खरी कोठून येणार? आणि मुद्रांकाचे दर ठरविणाऱ्यांपुढेही अखेर नोंदलेले व्यवहारच असतात. उद्या एखाद्या रस्त्यासाठी, कालव्यासाठी कोणाची बांधी जाईल, तेव्हा त्या शिक्षकाच्या सात लाखांच्या रजिस्ट्रीचे पान कोणीतरी उलटून पाहील. शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभू येशूने दाखल्याने उत्तर दिले. त्या दाखल्यातील जखमी माणूस निदान वाटेवर डोळ्यांपुढे पडलेला होता. आपल्या खरेदीखताने जखमी होणारा माणूस पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच गावी असतो.

दुसरा घाव बसतो तो घर शोधणाऱ्या गरीब नोकरदारावर. बँक कर्ज देते ते कागदावरील किमतीवर. बाकीचे पाच लाख ज्याच्याकडे आधीच रोख आहेत, त्यालाच प्लॉट मिळतो. ज्याच्याकडे केवळ पगाराची पावती आहे, तो दागिने मोडतो किंवा परत फिरतो. जी प्रथा आपण गरिबाचे तीस हजार वाचविणारी समजतो, तीच त्याला दारातून हाकलते.

पवित्र शास्त्रातील जमीनखरेदीची पहिली सविस्तर हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. साराच्या दफनासाठी अब्राहाम हेब्रोन येथे मक्पेलाची गुहा विकत घेतो. एफ्रोन आधी ती फुकट देऊ करतो, मग सहज बोलल्यासारखे चारशे शेकेल मूल्य सांगतो. अब्राहाम परका आहे, शोकात आहे, अडलेला आहे. तरी तो नगराच्या वेशीत, सर्वांच्या देखत, सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने पूर्ण रुपे तोलून देतो. शेत, गुहा, सीमेवरील झाडेसुद्धा त्या व्यवहारात नमूद आहेत. आपल्या चतुःसीमा लिहिणाऱ्यांनी हेवा करावा इतका तो चोख आहे. आणि नव्या करारातील हनन्या व सप्पीरा यांचे काय? जमिनीचे पैसे ठेवून घेतले म्हणून त्यांना दोष लागला, असे आपण सैलपणे म्हणतो. वस्तुतः पैसे त्यांचेच होते, हे पेत्राने मान्य केले आहे. त्याने सप्पीरेला विचारलेला प्रश्न दुय्यम निबंधकाला शोभेल असा आहे: जमीन एवढ्यालाच विकली का? तिने कमी आकड्याला होकार दिला.

आता अडलेल्या खरेदीदाराची बाजू. संत थॉमस अक्वायनस सावकारीला पाप मानतात. परंतु गरजेपोटी व्याजाने पैसे घेणाऱ्यास ते पापी ठरवीत नाहीत, कारण दुसऱ्याच्या पापाचा तो केवळ भार सोसतो. सारा बाजारच दोन आकड्यांत बोलत असेल तर आमचा शिक्षक त्या ऋणकोसारखाच नव्हे काय? आम्ही यावर बरेच दिवस विचार केला, कारण तसे म्हणता आले असते तर आम्हांस आनंद झाला असता. परंतु ऋणको कोठेही खोटे बोलत नाही. येथे एवढीच रक्कम ठरली व एवढीच दिली, या वाक्याखाली खरेदीदाराची स्वतःची सही असते, अंगठा असतो, छायाचित्र असते. शिवाय मुद्रांक बहुधा तोच भरतो, म्हणजे बचतीचा वाटेकरीही तोच. तेव्हा ही उपमा आम्हास सोडावी लागली. त्याच्यावरील दडपण ध्यानी घेता त्याचा दोष विकणाऱ्याहून, दलालाहून पुष्कळ हलका आहे, एवढे मात्र आम्ही निःसंकोच म्हणू. ज्यांच्याकडे आधीच दोन घरे आहेत आणि जे तिसरा प्लॉट ‘पडून राहील’ म्हणून रोखीने घेतात, त्यांच्याविषयी असे काही म्हणण्याची आमची तयारी नाही.

हे सर्व आम्ही त्या दांपत्यास सांगितले, पण निर्णय सांगितला नाही. तो त्यांचा होता, आणि आमचे स्वतःचे घर जुन्या काळीच बांधून झालेले असल्याने उपदेश करणे आम्हास स्वस्त पडले असते. त्यांनी पूर्ण किमतीची रजिस्ट्री मागितली. विकणाऱ्याने त्यावर पडणारा आपला आयकरही तुम्हीच द्या, असे सुचविले. तो प्लॉट हातचा गेला. आठ महिन्यांनी नदीपलीकडे, कारध्याच्याही पुढे, आपल्याच शेताचे प्लॉट पाडणारा एक शेतकरी त्यांना भेटला. पूर्ण आकडा लिहिण्यास त्याची हरकत नव्हती. त्यालाही मुलाच्या शिक्षणासाठी पैसे खात्यातच हवे होते. जागा मात्र पहिलीपेक्षा पाचशे चौरस फुटांनी लहान आहे, आणि पत्नीला रात्रपाळीहून परतताना पुलावरून यावे लागते.

त्या ले-आउटमधील इतरांना ही रजिस्ट्री रुचली नाही. तुमच्या आकड्यामुळे आमच्या व्यवहारांकडे बोट दाखविले जाईल, असे शेजारच्या प्लॉटधारकाने त्यांना सुनावले. घराचा पाया अजून खणलेला नाही. मुद्रांकात गेलेली रक्कम पुन्हा साठेपर्यंत खणला जाणारही नाही. मागच्या महिन्यात पती-पत्नी तेथे जाऊन कोपऱ्यावर एक कडुलिंब लावून आली, तेव्हा तो शेजारी आपल्या दगडापाशी उभा होता; तो काही बोलला नाही.