माळ आणि मळा

वाचन : निर्गम २३:१०, ११



जळकोटाहून नळदुर्गाकडे जाताना कोठे माळ लागतो, कोठे मळा. दोहोंवर पाऊस एकच पडतो. तथापि दोहोंच्या संसारात मोठा भेद आहे, व त्यात आपणांस बोध आहे.

माळावर कोणी पेरीत नाही, खत टाकीत नाही. तरी कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आपापल्या वेळी उगवतात. गवतावर टोळ जगतात, टोळांवर तितर. वाळलेले गवत वाळवी खाते, शेण शेणकिडे जमिनीत नेतात, आणि मातीचे मातीस परत मिळते. एका वर्षी एक गवत हरले तर दुसरे तग धरते.

उसाच्या मळ्याचे तसे नाही. तेथे पीक एकच. बेणे माणसाने लावावे, पाणी त्याने ओढावे, खत त्याने आणावे. ऊस गाडीत भरून गेला म्हणजे मातीचा कसही त्याजबरोबर जातो; पुन्हा घालावा तेव्हाच परत येतो. धन्याने पाठ फिरवली की मळ्यात तण माजते.

मग मळा करणे पाप आहे काय? मुळीच नाही. देवाने आदामास एदेन बागेत ठेवले, ते तिची मशागत व राखण करावी म्हणून. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीस बांध घालून त्याच्या पोटात १६१३ साली पाणीमहाल बांधला. तो आजही उभा आहे. अशी बुद्धी ही देवाचीच देणगी होय. परंतु बांध पाणी अडवतो, पाऊस पाडीत नाही. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. नळ होते, टाक्या होत्या; पाणी नव्हते.

आपला दोष हा की, माळास आपण 'पडीक' म्हणतो. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याच्यासाठी सोलापुराजवळ नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले. तरी आज तो तेथे क्वचितच दृष्टीस पडतो, कारण सभोवारचे माळ नांगराखाली गेले. हानी पाखराचीच झाली असे समजू नका. गवत पाणी थोपवते, ते मुरते, तेव्हा विहिरीस झरा लागतो. सूर्यफुलात दाणा भरवणारी मधमाशी बांधावरच्या बोरीबाभळींवर पोसते. मळा माळाचा ऋणी आहे.

आता शास्त्रवचन पाहा. सातव्या वर्षी भूमीस विसावा द्यावा. जे आपोआप येईल ते गरिबांनी खावे, व उरेल ते रानच्या पशूंनी, अशी आज्ञा आहे. पशूस तेथे चोर म्हटलेले नाही. त्याचा वाटा देवाने नेमला आहे.

दोन एकरांच्या धन्यास सबंध वर्ष रान सोडणे जमणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एक बांध न जाळता राखणे, एक बाभूळ न तोडणे, ज्वारीत तुरीच्या ओळी पेरणे, हे कोणास जमणार नाही? सातबाऱ्यावर नाव आपले असेल. भूमी परमेश्वराची आहे. राखणदाराने हिशेब द्यावयाचा असतो. तो देताना आपला बांध हिरवा असो. आमेन.