अमानत कोणाची?

मुंब्र्यात नवी इमारत उभी राहत असते, तेव्हा पत्र्यांच्या कुंपणाआड एक वॉचमन रात्रभर जागतो. सळ्या, सिमेंटची पोती, वायरची बंडले ही बिल्डरची अमानत. एक बंडल कमी भरले, तर सकाळी जाब त्यालाच. पण लिफ्टच्या उघड्या खड्ड्याजवळून अंधारात फेरी मारणाऱ्या त्याचा जीव कोणाच्या हवाली? सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ साली कायदा झाला. वेतन, भरपगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी यांची तरतूद त्यात आहे. तरी घर बघायला गेल्यावर आम्ही टाइल्स निरखतो, त्याच्या पगाराची चौकशी करीत नाही. अमानतीचा अर्थ आम्ही वस्तूपुरता केला. वस्तू राखणारा माणूसही अमानतच आहे, आणि तिचा हिशेब आम्हालाच द्यायचा आहे.