मधली माणसे

अणूचे गणितही कधी कधी नीतीचा प्रश्न पुढे टाकते. सोडियमच्या अणुगर्भावर धनभार ११. भोवती इलेक्ट्रॉनही ११: आत २, मधे ८, कडेला १. त्या कडेच्या एकट्याला गर्भाची ओढ किती जाणवते? अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन स्लेटर यांनी १९३० साली ढोबळ हिशेब दिला. आतल्या दोघांचा आडोसा प्रत्येकी १, मधल्या आठांचा प्रत्येकी ०.८५, एकूण ८.८. उरले अवघे २.२! म्हणून तो चटकन सुटतो. त्याला बेइमान म्हणावे काय? गर्भाने तर हात आखडलेला नाही.

आमच्या अंबाजोगाईच्या आसपासच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या घराला कुलूप लावून, पोरेबाळे घेऊन कारखान्यांकडे निघतात. ‘यांना गावाची माया नाही,’ असे ओट्यावर बसून म्हणणे सोपे. मातीची ओढ सर्वांसाठी एकच; पण ती त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी जमीन, पाणी, शाळा यांना लगटून बसलेले आपण मधे येतो. अणूतल्या मधल्यांना बाजूला सरकता येत नाही. वाचकहो, माणसाला येते. दिवाळीचा दिवा लावताना आपली सावली कोणाच्या अंगणात पडते, एवढे पाहावे.