पापलेटाच्या होड्या

वऱ्हाडात समुद्र नाही. अकोल्या-अमरावतीच्या माणसाला पाण्याची धास्ती असते ती पूर्णेच्या पुराची. म्हणून ही गोष्ट आमच्याकडे सांगताना आधी कापसाची गाडी सांगावी लागते. वर्षभर राबून वेचलेला कापूस गाडीत ठासून भरलेला आहे. बाजार जवळ आला आहे. लेकीचं लुगडं, दुकानाची उधारी, पुढचं बियाणं, सगळं त्या गाडीत आहे. ती गाडी डोळ्यांपुढे ठेवा आणि मग ऐका.

१७ जुलै १९४७. आषाढातली अमावास्या, गटारीचा दिवस. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ नावाची आगबोट रेवसला निघाली. सातशेंहून अधिक माणसं तिच्यावर होती. बरीचशी सणाला घरी निघालेली. पाऊस आत येऊ नये म्हणून कडेला ताडपत्र्या बांधल्या होत्या.

बोट खुल्या समुद्रात आली तसा वारा वाढला. लाटा उंच झाल्या. पाणी आत आलं आणि बोट एका अंगाला कलली. माणसं भ्यायली, जीव घेऊन दुसऱ्या अंगाला धावली. काशाच्या खडकाजवळ बोट उलटली. ज्या ताडपत्र्या पावसासाठी बांधल्या होत्या, त्यांतच कित्येक जण अडकले.

बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबई इतकी जवळ, पण मुंबईला काहीच कळलं नाही. शहराचा दिवस रोजच्यासारखा चालू राहिला आणि इकडे माणसं फळकुटांना धरून लाटांवर हेलकावत राहिली.

तेवढ्यात रेवसकडून काही होड्या आल्या. कोळी मुंबईला मासळी विकायला निघाले होते. होड्यांत पापलेट होतं, चांगल्या भावाचं. त्यांना पाण्यात माणसं दिसली.

होडी म्हणजे ती केवढी! मासळी ठेवली तर माणूस मावत नव्हता. माणूस घेतला तर मासळी राहत नव्हती.

कोळ्यांनी मासळी समुद्रात फेकली. ज्या पाण्यातून ती काढली होती, त्याच पाण्यात रिती केली. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी माणसं ओढून घेतली. ओली, गारठलेली, तोंडून शब्द न फुटणारी माणसं. एक घेतला, दुसरा घेतला. असे जवळपास ७५ जीव त्यांनी वाचवले.

त्या दिवशी सहाशेंहून अधिक माणसं बुडाली. तो आकडा ऐकला की आजही जीव कळवळतो.

पाण्यात उडी घेणाऱ्याला आपण शूर म्हणतो, आणि तो असतोच. पण मला त्या कोळ्यांचं मन त्याहून मोठं वाटतं. कापसाची भरली गाडी पुरात ओतून तिच्यात परका माणूस उचलून घ्यायचा, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला न सांगता कळेल. ज्यांना त्यांनी ओढून घेतलं, त्यांचं नाव-गाव विचारायला सवडही नव्हती.

पावसाळ्यात पूर्णा दुथडी भरून वाहते. नदीकाठच्या वाटेने गाडी घेऊन निघालात, तर बुडणाऱ्याला ओढून घ्यायला मालाच्या वरच एक लांब, मजबूत दोर ठेवा. खाली दाबून ठेवू नका.