ईर्यासमिती आणि पौडचा रस्ता

जैन साधूंच्या आचारातील पाच समित्यांपैकी पहिली ईर्यासमिती. दिवसाउजेडी, पुढची चार हात जमीन पाहत, पायाखाली जीव येणार नाही अशा बेताने चालावे, असा हा नियम. तो चाकांवरून जाणाऱ्याला कसा लागू होतो, हा प्रश्न पुण्याजवळच्या मुळशीत रोजचा आहे. भूगाव, पिरंगुट, पौडवरून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाळकरी सायकली, मालट्रक आणि पर्यटकांच्या मोटारी एकत्रच धावतात.

ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते, 15 च्या वेगाची सायकल जेमतेम 4 मीटर. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. त्यामुळे चार हातांची ती नजर वेगाबरोबर लांबलीच पाहिजे, आणि अहिंसेचा मोठा वाटा मोटारचालकाकडेच जातो. दोघांवर सारखी जबाबदारी टाकणे हा न्याय नव्हे.

पण एवढ्याने सायकलस्वाराचे कर्तव्य संपत नाही. ब्रेक नीट हवेत, मागे लाल दिवा हवा. थंडीत पहाटे धुके असते. तेव्हा गडद स्वेटरवर फिकट, चमकपट्टीचे जाकीट घालावे, मफलरची टोके आत खोचावीत. मात्र सायकलस्वाराचे कपडे गडद होते, एवढ्याने चालक दोषमुक्त होत नाही.

मुलांची गोष्ट वेगळी, कारण धोका त्यांनी निवडलेला नसतो. वाढत्या अंगाची सायकल घेणे काटकसरीचे वाटते. पण सीटवर बसून पाय जमिनीला टेकत नसतील, तर मुलाला वेळेवर थांबता येत नाही. तो दोष पालकांचा.