अबायचं पाणी

इथिओपियात दिवस मध्यरात्रीला नव्हे, सूर्य उगवताना सुरू होतो. आपल्या सकाळच्या सातला तिथे एक वाजलेला असतो. गोंदरच्या विद्यापीठात सुधीर भौतिकशास्त्र शिकवत होता आणि वैशाली इंग्रजी. दोघांच्याही हे अंगवळणी पडलं होतं. त्यामुळे मिनीबसवाल्याने "बाराला निघू" म्हटल्यावर दोघं पहाटे सहाला स्टँडवर हजर होती.

2006 चा जानेवारी होता, तिथल्या कॅलेंडरवर 1998. गुरुवारी तिमकत झाला होता. येशूच्या बाप्तिस्म्याचा हा सण. फासिलदस राजाचा दगडी तलाव या दिवसासाठी पाण्याने भरतात आणि मंत्र म्हणून झाले की तरुण पोरं त्यात धडाधड उड्या घेतात. तो सोहळा डोळे भरून पाहिल्यावर सुधीरला आता अबायचा धबधबा पाहायचा होता. अबाय म्हणजे नील नदीचा निळा फाटा, ताना सरोवरातून निघणारा. खार्टूमला तो पांढऱ्या फाट्याला मिळतो आणि मग ते सगळं पाणी इजिप्तच्या वाटेला लागतं. एक बिरच्या नोटेवर मागच्या बाजूला या धबधब्याचं चित्र असे. डोंगराच्या कड्यावरून शुभ्र पाण्याची अख्खी भिंतच कोसळते आहे, असं ते चित्र. सुधीरने एक कोरी नोट पाकिटात जपून ठेवली होती. धबधब्यासमोर ती हातात धरून फोटो काढायचा त्याचा बेत होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेफ या धान्याची कापणी उरकली होती. खळ्यावर बैल गोल फिरत होते, माणसं लाकडी काट्यांनी भूस उडवत होती. वैशाली खिडकीला नाक लावून बसली होती. सुधीर मात्र घड्याळ बघत होता. दोन दिवसांत धबधबा, ताना सरोवरातले मठ आणि झेगेचं कॉफीचं रान, एवढं सगळं बसवायचं होतं.

बहिर दारला उतरून, तिथून तीसेक किलोमीटरचा कच्चा रस्ता धूळ खात पार करून दोघं तिस अबाय गावी पोचली. वाटाड्या म्हणून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. खांद्यावर पांढरी सुती शाल, हातात काठी, इंग्रजी स्वच्छ. त्यांनी फी सांगितली, सुधीरने मान डोलावली. वाट जुन्या दगडी पुलावरून जाते. सतराव्या शतकातला, पोर्तुगीज पूल म्हणून ओळखला जाणारा. पुलाखाली खोल घळीत नदी होती, पण घळीच्या मानाने पाणी अगदीच थोडं. पलीकडे चढ चढून गेल्यावर म्हातारे थांबले आणि काठीने समोर दाखवलं.

काळा कातळ. लांबच लांब, शेवाळलेला, उघडा. आणि त्याच्या एका कडेने पाण्याच्या दोन-तीन धारा.

"हाच?" सुधीर म्हणाला.

"हाच."

पावसाळ्यात ही धार जवळजवळ चारशे मीटर रुंद होते, तुषार लांबून धुरासारखे दिसतात, इथे उभं राहिलं तरी कपडे भिजतात, असं म्हातारे सांगत होते. आता पाणी वरच्या बाजूला कालव्यात वळवतात. 1964 साली पहिलं वीजघर झालं, त्यावर बहिर दारची कापडगिरणी चालली. 2001 साली दुसरं झालं, 73 मेगावॉटचं. तेव्हापासून कोरड्या दिवसांत धबधब्याच्या वाट्याला उरेल तेवढंच येतं.

सुधीरने पाकीट काढलं, पण नोट बाहेर काढली नाही. परतीच्या वाटेवर तो गप्प होता. गावात आल्यावर त्याने ठरलेल्या फीच्या निम्मे पैसे पुढे केले. म्हणाला, "मी धबधबा पाहायला आलो होतो. धबधबा नाहीच."

म्हाताऱ्यांनी पैसे मोजले, खिशात ठेवले. वाद घातला नाही. "कॉफी घेऊन जा," म्हणाले. "एवढ्या उन्हात आलात."

सुधीरला निघायचं होतं. वैशाली मात्र तोवर त्यांच्या मागोमाग चालू लागली होती.

घराच्या जमिनीवर ताजं हिरवं गवत पसरलेलं होतं. म्हाताऱ्यांच्या पत्नीने निखाऱ्यावर लोखंडी तवा ठेवला, कॉफीचे हिरवट दाणे धुऊन त्यात टाकले आणि हलवत राहिल्या. दाणे आधी पिवळे, मग तपकिरी झाले आणि तडतडायला लागले तसा तवा उचलून त्यांनी एकेका पाहुण्याच्या नाकाशी धरला. धूर हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा असतो, हे वैशालीला माहीत होतं. मग दाणे उखळीत कुटले. लांब मानेच्या काळ्या मातीच्या जेबेनात पाणी उकळत होतं, त्यात पूड गेली. बिनकानाच्या चिमुकल्या कपांवरून जेबेना एकसंध धारेने फिरला, थेंब बाहेर नाही. सोबत वाडगाभर लाह्या. एका कपावर उठायचं नसतं. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून दुसरा होतो, मग तिसरा. तिसऱ्यात आशीर्वाद असतो म्हणतात. 

पहिल्या कपाला म्हाताऱ्यांनी विचारलं, "तुम्ही काय शिकवता?"

"भौतिकशास्त्र. गोंदरला."

म्हातारे खुलले. बादशहाच्या राजवटीत बहिर दारच्या शाळेत त्यांना गणित शिकवायला भारतीय मास्तर होते. त्या काळी देशभरच्या शाळांत भारतातून आलेले शिक्षक असत. हे मास्तर कंपास न घेता फळ्यावर एका दमात वर्तुळ काढायचे, सुरुवात आणि शेवट बरोब्बर जुळायचे. म्हाताऱ्यांनी हवेत हात फिरवून ते वर्तुळ काढून दाखवलं. "ते परत गेले. आमच्यातला कोण पुढे काय झाला, त्यांना कधी कळलं नसेल. आता माझा मुलगा बहिर दारला इंजिनियरिंग शिकतो. रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसतो. हे पाणी त्याच्या टेबलावर आहे, टीचर. आणि आमच्याकडे पूर्वी एका दिवसात यायचे तेवढे पाहुणे आता आठवड्यात येत नाहीत. दोन्ही खरं आहे."

वैशालीने कप खाली ठेवला. तिचं लहानपण चिपळूणजवळ अलोऱ्याच्या वसाहतीत गेलं होतं. वडील पोफळीच्या वीजघरात होते. सह्याद्रीच्या माथ्यावर कोयना अडवली, बोगद्यातून पाणी पश्चिमेला उतरवलं आणि कृष्णेला जाणारी नदी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळू लागली. 1962 साली पोफळीला वीज तयार झाली. आणि तिच्या आईचं माहेर शिवसागर जलाशयाखाली गेलं.

"आजीला रायगडात जमीन मिळाली," ती म्हाताऱ्यांना सांगू लागली. "आजी मुंबईला आमच्या मामाकडे यायची तेव्हा रात्री गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. समोरचे सगळे दिवे बघायची. आणि कुणी खोलीत दिवा विनाकारण चालू ठेवला, की उठून स्वतः बंद करायची. तेवढं एकच तिचं मागणं होतं."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, सुधीरने हे कधी ऐकलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं कधी.

दुसरा कप झाला. तिसरा झाला. म्हातारे दोघांना घराबाहेर घेऊन आले आणि माळावरून निघालेल्या तारा दाखवल्या. इथून बहिर दार, तिथून पुढे कुठे कुठे. सुधीर बराच वेळ त्या तारांच्या दिशेने बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मला कालवा बघायचाय. जिथे पाणी वळवतात ती जागा."

"ती बघायला कुणी येत नाही."

"मी आलोय ना. त्याची फी वेगळी. आणि सकाळचे उरलेले हे घ्या."

म्हाताऱ्यांनी तेही पैसे मोजून घेतले. कष्टाचे होते, ते का सोडावेत?

झेगेचं रान त्या खेपेला राहून गेलं.

सोमवारी सुधीरने वर्गात फळ्यावर गणित घातलं. एक घनमीटर पाणी दर सेकंदाला 45 मीटर खाली आलं तर किती शक्ती मिळेल? मुलांनी भराभर गुणाकार केला: सुमारे 440 किलोवॉट. मग 73 मेगावॉटला पाणी किती लागेल? दर सेकंदाला दीडशेहून जास्त घनमीटर. आणि नदीत तेवढंच पाणी असेल, तर कड्यावरून काय पडेल? कोपऱ्यातून एक मुलगी म्हणाली, "काही नाही." मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. त्याचं घर त्याच बाजूचं होतं. धबधब्यावर ज्यांचं पोट चालतं त्यांचं यात काय, असं त्याने विचारलं. सुधीरने खडू खाली ठेवला. म्हणाला, "सूत्रात ते येत नाही. पण उत्तर लिहिताना सोडायचं नाही." उरलेला तास सगळा वर्ग त्यावरच बोलला, बोलता बोलता मुलं इंग्रजीतून अम्हारिकमध्ये कधी गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर विद्यापीठात भारतातून कुणी नवं जोडपं आलं आणि शनिवार-रविवारी कुठे जावं असं विचारू लागलं, की सुधीर त्यांना तिस अबायला पाठवतो. धबधबा हवा असेल तर सप्टेंबरात जा, पाऊस सरत आलेला असतो, सांगतो. तोवर थांबवत नसेल तर जानेवारीतही जा, म्हणतो; फक्त वेळ काढून जा, तिन्ही कप घ्या, कालवा दाखवायला सांगा. आणि पाणी असो-नसो, म्हाताऱ्यांची फी पूर्ण द्यायची, हे वैशाली पुन्हा एकदा बजावते.