तर्क, कल्पना आणि शेवटची बांधी

रोजच्या जगण्यात माणसाला अधिक मार्गदर्शन कोणाचे होते, तर्काचे की कल्पनेचे? तर्क व्यवहाराचा आणि कल्पना काव्याची, अशी वाटणी आपल्या साहित्यविचारात बरेचदा गृहीत धरली जाते. ही वाटणी कितपत टिकते, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम मराठी भाषेचीच साक्ष काढणे उचित ठरेल.

‘मी आपला तर्क केला’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘तर्क’ याचा अर्थ काटेकोर अनुमान असा नसून अदमास असा असतो. उलट ‘मला याची कल्पना नाही’ ह्या वाक्यात ‘कल्पना’ म्हणजे ज्ञान, आणि ‘त्याला आधी कल्पना देऊन ठेवा’ ह्या वाक्यात पूर्वसूचना. बोलीत ह्या दोन शब्दांनी जणू एकमेकांच्या जागा घेतल्या आहेत. हा निव्वळ अर्थांतराचा अपघात मानता येणार नाही. न्यायदर्शनात तर्काला स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा नाही. तो प्रमाणाला साहाय्य करणारा व्यापार आहे. डोंगरावर धूर दिसतो. तेथे अग्नी नाही असे क्षणभर मानून पाहिले, तर धूरही नसावयास हवा होता. पण तो तर दिसतो आहे. प्रतिकूल पक्ष असा मानून पाहणे म्हणजेच तर्क. जे नाही ते मानून पाहणे ह्याला आपण एरवी कल्पना म्हणतो. दिङ्नागाने प्रत्यक्ष हे कल्पनारहित मानले, तेव्हा त्याला अभिप्रेत असलेली कल्पना म्हणजे वस्तूला नाम, जाती इत्यादींशी जोडण्याचा व्यापार होय. आणि त्यावाचून कोणतेही अनुमान शब्दांत मांडता येणार नाही. तेव्हा तर्क आणि कल्पना ह्या दोन परस्परविरोधी शक्ती आहेत, हे गृहीतच आपल्या परंपरेला परके आहे.

हा मुद्दा व्यवहारात पडताळून पाहण्यासाठी भंडारा जिल्ह्यातील धानाची शेती हे उदाहरण घेता येईल. मृगाच्या पावसावर शेतकरी पऱ्हे टाकतो. ते साधारण तीन-चार आठवड्यांचे झाले की रोवणी व्हावयास हवी. उशीर झाला तर फुटवे कमी येतात. नेमक्या त्याच वेळी पाऊस दडी मारतो. तलावात आहे तेवढ्या पाण्यावर रोवणी उरकावी, की थांबावे? रोवणी केली आणि पाऊस आलाच नाही तर काय, थांबलो आणि पऱ्हे जून झाले तर काय, अशी दोन न घडलेली वर्षे तो मनात उभी करतो आणि त्यांची तुलना करतो. वर्षे उभी करते ती कल्पना, तुलना करतो तो तर्क. कारणावरून कार्याकडे जाणारी आपली अपेक्षा बुद्धीपेक्षा सवयीवर आणि कल्पनेवर उभी असते, असे ह्यूमने १७३९ मध्ये मांडले होते. ह्या शेतकऱ्याला ते वाचण्याची गरज नाही. त्याचा आषाढ त्याच विचारात जातो.

मात्र एवढ्यावर थांबलो तर प्रश्नाची नैतिक बाजू निसटते. जिल्ह्यातील मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गोंड राजवटीत प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले. अशा तलावाखाली पाणी पुष्कळदा एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते. पाळीलगतच्या शेतकऱ्याचे अनुमान पाहा: धान वाळते आहे, पाऊस अनिश्चित आहे, पाणी माझ्या बांधीत आले आहे, म्हणून ते येथेच अडवणे योग्य. ह्या अनुमानात तार्किक दोष काढणे कठीण आहे. दोष आहे तो त्याच्या आधारविधानांत, कारण शेवटच्या बांधीचा मालक त्यांत कोठेच नाही. तर्क दिलेल्या विधानांपासून निष्कर्षापर्यंत नेतो. त्या विधानांत कोणाला स्थान द्यावयाचे हे तो स्वतः होऊन ठरवीत नाही. शेवटच्या बांधीवर उभे राहून वर पाहणे हे कल्पनेचे काम आहे. दुसऱ्याचे दुःख आपल्याला इंद्रियांनी कळत नाही, कल्पनेनेच कळते, हे अ‍ॅडम स्मिथचे १७५९ मधील प्रतिपादन येथे आठवावे. ‘सर्वांनीच असे पाणी अडवले तर?’ हा प्रश्न तर न्यायदर्शनातील तर्काचाच नमुना आहे, आणि कांटची नैतिक कसोटीही त्याच्यापासून फार दूर नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर गोसीखुर्द प्रकल्पात दिसते. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील ह्या धरणाला १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपयांच्या अंदाजाने मान्यता मिळाली आणि १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. भूसंपादनाचा तेव्हाचा कायदा १८९४ चा होता. त्याचे तर्कशास्त्र जमिनीतील हितसंबंधापासून सुरू होत असे. त्यामुळे जमीन नसलेला, पण नदीवर जगणारा ढिवर त्या कायद्याच्या गणितात सहजासहजी बसत नव्हता. गणितातील बेरीज चुकली नव्हती. बेरजेत काय धरावयाचे, ते कोणीतरी आधीच ठरवून ठेवले होते. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने पाण्यावर उपजीविका असणाऱ्या मासेमार कुटुंबांचाही ‘बाधित कुटुंब’ ह्या संज्ञेत समावेश केला. येथे तर्काचे नियम बदलले नाहीत. ‘बाधित’ कोणाला म्हणावे, ह्याविषयीची कल्पना विस्तारली.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. कल्पना नेहमी दुसऱ्याला जवळच आणते असे नाही. गावात रोगराई आली की एखाद्या एकाकी बाईवर करणीचा संशय घेणारी बुद्धीही कल्पनाच करीत असते. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो ह्या कल्पनेच्या बळींसाठीही. हा आक्षेप मान्य करावयास हवा. मात्र ह्या संशयात कल्पना बाईला व्यक्ती म्हणून पाहतच नाही. तिला केवळ एक कारण म्हणून उभे करते, आणि ‘ती नसती तर रोग आला नसता काय?’ हा प्रतिकूल पक्ष मानून पाहण्याचे टाळते. आवश्यक तर्काच्या अभावी कल्पना क्रूर होते. कल्पनेच्या अभावी तर्क निर्दोष राहूनही अन्याय करतो. दोहोंतील दुसरा दोष ओळखणे अधिक कठीण आहे, कारण त्याचे कागदपत्र नेहमी व्यवस्थित असतात.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी ही दोन टोके मानली आणि त्यांतील कोणतेही एक टाकून देण्यास नकार दिला. तर्क आणि कल्पना ह्यांच्या बाबतीतही तशीच द्विध्रुवात्मक भूमिका घ्यावी लागेल. परंतु त्यांत एक क्रम आहे. निर्णयाच्या आवारात कोणाला प्रवेश द्यावयाचा हे प्रथम कल्पना ठरवते. प्रवेश दिलेल्यांना न्याय मिळाला की नाही ह्याची तपासणी नंतर तर्क करतो. निर्णय कल्पनेचा एकटीचा नाही, पण प्रारंभ तिचाच आहे.

समीक्षकाच्या दृष्टीने ह्या क्रमाला महत्त्व आहे. साहित्यकृतीतील कल्पनेला आपण प्रतिमांच्या चमत्कृतीपुरते किंवा रंजकतेपुरते मोजत राहिलो, तर कृतीच्या नैतिक कामाचा मोठा भाग आपल्या हिशेबाबाहेर राहील. एखादी कादंबरी वाचून झाल्यावर आपल्या आधारविधानांत कोणाची भर पडली, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेतलाच आहे. तो विचारण्यासाठी सौंदर्यमूल्याचा बळी द्यावा लागत नाही. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचले की नाही, हे पाळीवरून दिसत नाही; त्यासाठी बांधावरून चालत खाली जावे लागते.